अर्धस्वयंचलित पिस्तूल : अंगे, भेद आणि निगा
(पनवेल परिसराच्या हवामानाच्या संदर्भात)

पनवेलजवळील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 1879 साली त्यांनी बंड उभारले, त्याच्या आदल्याच वर्षी हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा लागू झाला होता. त्या काळी सामान्य माणसाच्या परिचयाची बंदूक म्हणजे तोंडाने दारू ठासावयाची. एक बार झाला की ती रिकामी, आणि पुन्हा भरीपर्यंत निरुपद्रवी. पुढे अवघ्या तीस वर्षांनी, 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांच्या हाती ब्राउनिंग जातीचे पिस्तूल होते. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत अशी वीस पिस्तुले आल्याचे पुढील खटल्यात मांडले गेले. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे व त्यांचे दोन सहकारी फाशी गेले.

या दोन घटनांच्या दरम्यान शस्त्रविद्येत जो पालट झाला, त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. बार झाल्यावर रिकामे होणारे हत्यार जाऊन बार झाल्यावर आपोआप भरणारे हत्यार आले. या गुणातच त्याची सोय आहे, त्याच्या निगेचे महत्त्व आहे आणि त्याचा मुख्य धोकाही आहे. जे यंत्र स्वतः भरते, ते स्वतः रिकामे होत नाही. प्रस्तुत लेखात या यंत्राची अंगे, त्याचे भेद आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याची घ्यावयाची निगा यांचा क्रमाने विचार केला आहे.

1. अंगे आणि त्यांचे कार्य

पिस्तुलाचे स्थूलमानाने चार विभाग पडतात. पहिला सांगाडा. मूठ, चाप आणि चापाशी निगडित लहान भाग यांत बसविलेले असतात. दुसरी नळी. तिच्या आतील पृष्ठावर पिळाचे आटे असतात, त्यांच्यामुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळून ती सरळ जाते. नळीच्या मागील टोकाशी काडतूस ज्या पोकळीत बसते, तिला चेंबर म्हणतात. तिसरा विभाग स्लाइड, म्हणजे सांगाड्यावरील खाचांतून मागेपुढे सरकणारा पोलादी भाग. याच्या पोटात फायरिंग पिन आणि रिकामी पुंगळी ओढणारी आकडी असते. चौथा विभाग मॅगझीन. मुठीत खालून बसणारी ही पत्र्याची पेटी असून तिच्या तळाची स्प्रिंग काडतुसांना सतत वर रेटीत असते.

बोलण्यात ‘घोडा’ हा शब्द कित्येकदा बोटाने ओढावयाच्या भागाला लावला जातो. वस्तुतः बोटाने ओढावयाचा तो चाप, आणि चाप ओढल्यावर फायरिंग पिनेवर आदळणारा तो घोडा. हा भेद लक्षात न ठेवल्यास पुढील वर्णन समजणार नाही.

चाप ओढताच घोडा सुटतो, पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते, दारू पेटते व वायूच्या दाबाने गोळी पुढे जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तितकाच रेटा पुंगळीवर मागील दिशेने बसतो. जुन्या बंदुकीत हा रेटा खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या रूपाने वाया जात असे. येथे तो कामाला लावला आहे. त्याने स्लाइड मागे जाते, आकडी पुंगळी ओढून काढते, पुंगळी सांगाड्यातील दांडीवर आपटून बाहेर उडते आणि घोडा पुन्हा चढतो. नंतर दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझीनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये लोटते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते.

बोट चापावर असूनही दुसरा बार आपोआप होत नाही, कारण स्लाइड मागे जाताच चाप व घोडा यांचा सांधा सुटतो आणि चाप पुढे सोडल्याशिवाय तो पुन्हा जुळत नाही. म्हणून या यंत्राला ‘अर्धस्वयंचलित’ म्हणावयाचे. भरणे आपोआप, झाडणे मात्र प्रत्येक वेळी बोटाने.

2. भेद

या पिस्तुलांतील सर्वांत महत्त्वाचा भेद नळी व स्लाइड यांच्या संबंधावरून पडतो. तो समजण्यास थोडे गणित उपयोगी पडेल. 7.65 मिलिमीटर ब्राउनिंग काडतुसाची गोळी सुमारे 4.6 ग्रॅम वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला 280 मीटर धरला आणि स्लाइडचे वजन 250 ग्रॅम मानले, तर दारूच्या वायूचा संवेग सोडून देऊनही स्लाइड सेकंदाला सुमारे 5 मीटर वेगाने मागे येईल. हा वेग स्प्रिंगला आवरता येतो. आता 9 मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने गेली, तर त्याच स्लाइडचा वेग 11 मीटरांच्या वर जाईल. पूर्वीचा वेग कायम राखावयाचा, तर स्लाइड 560 ग्रॅमची करावी लागेल, आणि असे पिस्तूल हाताला जड होईल.

यावरून दोन पद्धती निघाल्या. सौम्य काडतुसांसाठी नळी सांगाड्यात घट्ट बसविलेली असते आणि स्लाइडला तिचे वजन व स्प्रिंग एवढ्यांनीच आवरलेले असते. ब्राउनिंगचे 1900 चे पिस्तूल याच जातीचे. जोरदार काडतुसांसाठी नळी व स्लाइड प्रारंभी एकमेकींत अडकलेल्या असतात. दोन्ही मिळून थोडे अंतर मागे येतात, तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरतो आणि मग अडकण सुटते. ही अडकण साधण्याच्या युक्त्या निरनिराळ्या आहेत. लूगरच्या पिस्तुलात गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा आहे. 1911 च्या कोल्ट पिस्तुलात नळीचे मागील टोक एका लहान दुव्यावर झुलून खाली उतरते. 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात तेच कार्य नळीखालील तिरक्या खाचेने होते. भारतीय सैन्याचे ईशापूर येथील कारखान्यात तयार झालेले 9 मिलिमीटर पिस्तूल याच हाय-पॉवर घराण्यातील होय.

दुसरा भेद चापाच्या कार्यावरून पडतो. काहींत घोडा आधी चढवावा लागतो व चाप तो केवळ सोडतो. काहींत चापच घोडा चढवितो आणि सोडतोही. 1929 चे वाल्थर पिस्तूल या दुसऱ्या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना. तिसरा भेद सांगाड्याच्या द्रव्याचा. पूर्वी तो पोलादाचा वा हलक्या मिश्रधातूचा असे. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल स्वीकारल्यानंतर प्लास्टिकच्या सांगाड्याचा प्रसार वाढला.

चौथा प्रकार क्रीडेचा, आणि पनवेलला तो विशेष परिचित असावा. हवाई रायफलीत कीर्ती मिळविलेल्या ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी पनवेलच्या कर्नाळा क्रीडा संकुलात नेमबाजीचे केंद्र उभे केल्यापासून हा खेळ येथे रुजला. दहा मीटर स्पर्धेतील हवाई पिस्तुलात दाबलेल्या हवेवर एकेक छर्रा हाताने भरून सोडतात, सबब ते स्वयंभरी नव्हे. परंतु 25 मीटर स्पर्धेचे .22 पिस्तूल स्वयंभरी असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेच्या जलद भागात प्रत्येक बारासाठी केवळ तीन सेकंद मिळतात. तेथे एक पुंगळी अडकली तरी खेळाडूची एकाग्रता भंगते, आणि बहुधा असे अडकणे निगेच्या अभावातून उद्भवते.

3. निगेचे पहिले कर्म : रिकामे असल्याची खात्री

चक्री पिस्तुलाचे चक्र उघडले की सर्व घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. स्वयंभरी पिस्तुलात चेंबर स्लाइडखाली झाकलेले असते. मॅगझीन काढली की पिस्तूल रिकामे झाले, अशी समजूत सहज होते. ही समजूत प्राणघातक आहे. मॅगझीन काढल्यावरही चेंबरमधील एक काडतूस जागेवरच असते आणि चाप ओढल्यास ते उडू शकते. ‘साफ करताना गोळी सुटली’ अशा बातम्यांच्या मुळाशी बहुधा हीच चूक असते.

याहून सूक्ष्म धोका सवयीचा आहे. हाय-पॉवरच्या मूळ रचनेत मॅगझीन काढल्यावर घोडा सुटू नये अशी योजना आहे. 1911 च्या कोल्टमध्ये ती नाही. एका पिस्तुलावर लागलेली सवय दुसऱ्यावर घात करते. म्हणून यंत्रातील कोणत्याही सुरक्षा-खटक्यावर विश्वास न ठेवता पुढील क्रम पाळावा. नळीचे तोंड निर्धोक दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवावे. प्रथम मॅगझीन काढावी, नंतर स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर पाडावे, स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. या क्रमात उलटापालट करू नये. मॅगझीन आत असता स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडते आणि सोडताच दुसरे आत जाते. हे झाल्यावर काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. स्पर्धेच्या मैदानावर चेंबरमधून भडक रंगाची दोरी घालून ठेवण्याचा नियम आहे, तो याचसाठी. पिस्तूल रिकामे आहे हे दुरूनही दिसले पाहिजे.

4. दमट हवा आणि गंज

गंज चढण्यास लोखंड, प्राणवायू आणि पाणी एवढे पुरेसे आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते, आणि पृष्ठावर क्षार असल्यास त्याहून कमी आर्द्रतेतही चालू राहते. पनवेल खाडीकाठी वसलेले आहे, आणि जून ते सप्टेंबर येथील हवा ही मर्यादा ओलांडूनच असते. त्यात हाताच्या घामातील मीठ मिळाले, की बोटांचे ठसे काही दिवसांत तांबूस रेषांनी उमटतात. पोलादावरील निळसर-काळा थर हा लोखंडाच्याच ऑक्साइडाचा असून तो सच्छिद्र असतो. तो स्वतः फारसे रक्षण करीत नाही, तेल धरून ठेवतो एवढेच. तेल वाळले की त्याचा उपयोग सरला.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड हे लवण नळीत राही व हवेतील ओल शोषी. हे लवण तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुने सैनिक प्रथम उकळत्या पाण्याने नळी धूत, नंतर कोरडी करून तेल लावीत. आजच्या बहुतेक काडतुसांत हा दोष नाही, तथापि दारूची काजळी, शिशाचा व तांब्याचा लेप हे उरतातच.

साफसफाईसाठी पिस्तूल उत्पादकाने सांगितले आहे तितकेच खोलावे. शक्य तेथे नळी चेंबरच्या बाजूने घासावी, कारण तोंडाची कड झिजली तर नेम बिघडतो. प्रथम विद्रावक लावलेला ब्रश, मग कोरडी चिंधी स्वच्छ निघेपर्यंत, शेवटी तेलाची पुसट चिंधी, असा क्रम असावा. आकडीच्या नखाखालील काजळी काढावी. तेथे कचरा साचला की पुंगळी निसटते. स्लाइडच्या खाचांना तेलाचा थेंब पुरे. अधिक तेल धूळ धरते आणि काडतुसाच्या टोपीत झिरपून ते निकामी करू शकते, सबब मॅगझीन आतून कोरडीच ठेवावी. .22 पिस्तुलाची पिन चेंबरच्या कडेवर आदळते, म्हणून उत्पादकाची अनुज्ञा नसता त्याचा रिकामा चाप ओढू नये.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल साठवून ठेवण्याची चाल घातक आहे. चामडे ओल शोषते आणि ते कमविण्यासाठी वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. बंद कपाटात सिलिका जेल ठेवावे, ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे, आणि पावसाळ्यात पंधरवड्याने तरी पिस्तूल पुसून पाहावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागल्यास देण्यापूर्वी तेल द्यावे आणि परत घेताच, वर सांगितलेल्या क्रमाने रिकामे असल्याची खात्री करून, तपासावे.

5. मर्यादा

येथवर सांगितलेली निगा पुसणे, तेल देणे व पाहणे एवढ्यापुरती आहे. चाप हलका करणे, खटका घासणे, स्प्रिंग कापणे ही निगा नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार बाळगण्याप्रमाणेच व्यवसाय म्हणून दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, आणि 9 मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. कायद्याच्या या कडकपणाला यंत्रशास्त्राचाही आधार आहे. चाप, घोडा आणि खटका यांच्या ज्या कडा एकमेकींना धरून ठेवतात, त्या अतिशय बारीक असतात. घासकामाने त्या किंचित जरी गोल झाल्या, तरी पिस्तूल हातातून पडताच बार होण्याचा संभव निर्माण होतो.

तात्पर्य, अर्धस्वयंचलित पिस्तूल हे धक्क्याची शक्ती पुढील बाराच्या तयारीस लावणारे यंत्र आहे. त्याचे भेद त्या शक्तीला आवर घालण्याच्या रीतींतून उत्पन्न झाले, आणि त्याची निगा ती क्रिया निर्वेध चालावी यासाठी आहे. परंतु हे यंत्र आपले प्रत्येक आवर्तन चेंबर भरूनच पूर्ण करते. ते रिकामे करण्याचे काम मात्र कोणत्याही स्प्रिंगकडे सोपविलेले नाही. ते धरणाऱ्याच्या हाताकडे आणि डोळ्यांकडेच राहिले आहे.