तोल गेलेलं मांजर

रात्री फ्रिजवर चढून बसलेलं मांजर सकाळी जमिनीवर एका कुशीवर पडलेलं दिसतं. मान एका बाजूला कललेली. उठायला जातं आणि त्याच बाजूला कोलमडतं. चार पावलं टाकलीच तर गोल गोल फिरतं. डोळ्यांची बुबुळं एका दिशेला झटके घेत राहतात. तोंडातून लाळ गळते, एखादी उलटीही होते. समोर आवडीच्या मासळीचा तुकडा ठेवला तरी ते तोंड फिरवतं. घरातली माणसं हादरतात. कुणी म्हणतं अर्धांगवायू झाला, कुणी म्हणतं विषारी काहीतरी खाल्लं. शेजारचे हळूच सांगतात, ‘आता हे काही जगत नाही.’ दुपारपर्यंत बोलणं ‘हाल नकोत, इंजेक्शन देऊन मोकळं करू’ इथपर्यंत येऊन पोचतं.

नेमकी इथेच घाई होते. वर सांगितलेली लक्षणं पाहायला भयंकर असली, तरी अशा मांजरांपैकी बरीच मांजरं दोन-तीन आठवड्यांत पुन्हा चालू लागतात. काहींच्या बाबतीत तर कारण शेवटपर्यंत सापडत नाही, तरीही ती बरी होतात. काहींचा आजार मात्र खरोखर तासांच्या हिशेबाने वाढणारा असतो. दोन्हींतला फरक ओळखणं आणि मधल्या काळात मांजराला सांभाळणं, हे घरच्यांच्या हातातलं काम आहे.

कानातली पाणसळ

गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावतो. नळीतला बुडबुडा सरकला की भिंत कुठे कलली ते कळतं. मांजराच्या आणि माणसाच्याही प्रत्येक कानात, अगदी आत, कवटीच्या हाडात अशाच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. एकमेकींशी साधारण काटकोनात वळलेल्या या नलिकांत द्रव भरलेला असतो. डोकं हललं की द्रव मागे रेंगाळतो, आतले केसासारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि डोकं कुठल्या दिशेला वळलं याची खबर मेंदूला जाते.

ही खबर डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून सारखी जात असते. दोन्हीकडचं माप जुळलं की मेंदू समजतो, सगळं जागच्या जागी आहे. एका कानाकडून येणारे संदेश अचानक थांबले, तर मेंदूची फसगत होते. डोकं चांगल्या कानाच्या दिशेने गरगर फिरत आहे, असं त्याला वाटतं. मग डोळे झटके घेतात, मान बिघडलेल्या बाजूला कलते, शरीर तिकडेच ढासळतं. बोटीवर किंवा घाटात माणसाला मळमळतं तसंच मांजरालाही मळमळतं. ते खात नाही याचं कारण बहुतेकदा हेच असतं. कानातल्या या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

मांजराला ही यंत्रणा वापरण्याची विलक्षण हातोटी असते. उंचावरून पाठीवर पडू लागलेलं मांजर हवेतच वळून पायांवर उतरतं. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४मध्ये या क्षणाची एकामागोमाग एक छायाचित्रं टिपली, तेव्हा भले भले पदार्थविज्ञानवाले बुचकळ्यात पडले होते. पिल्लू हे कसब सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत शिकून घेतं. म्हणूनच अशा प्राण्याचा तोल गेला की पाहणाऱ्याला ते अधिक जिव्हारी लागतं.

चाल काय सांगते?

‘तोल जातो’ या दोन शब्दांत बरेच वेगवेगळे आजार दडलेले असतात. पशुवैद्य आधी चाल पाहतात ती त्यासाठीच.

मान कललेली, डोळे झटके घेणारे आणि पडणं एकाच बाजूला, तर दोष आतल्या कानात किंवा त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागात असतो. पाय गरजेपेक्षा जास्त उंच उचलले जातात, चाल फेंगडी आहे, वाटीशी तोंड नेताना डोकं थरथरतं, पण ताकद कमी झालेली नाही, तर संशय लहान मेंदूवर जातो. पुढचे पाय ठीक आहेत आणि मागचे लटपटतात किंवा पंजे उलटे घासले जातात, तर पाठीचा कणा तपासावा लागतो. मान छातीकडे झुकून वर उचलतच नसेल, तर रक्तातलं पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालणाऱ्या मांजरात मधुमेह आहे का हे पाहिलं जातं.

एक चित्र मात्र वेगळं ओळखता आलंच पाहिजे. मांजर एकाएकी किंचाळतं, मागचे दोन्ही पाय लुळे पडतात, हाताला गार लागतात, पंजांच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात, श्वास जोरात चालतो. हा तोलाचा आजार नाही. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत अडकल्याची ती खूण आहे. यात वेदना असह्य असतात आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता तातडीने दवाखाना गाठावा. झटके येणं, शुद्ध हरपणं, गॅलरीतून पडणं किंवा दिवसभर लघवी न होणं, यांतही थांबून चालत नाही.

कारण कधी घरातच असतं

तपासणीआधी घरच्यांनी काही गोष्टी आठवून ठेवाव्यात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध मांजराला लावलं होतं का? त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते पचवतो, मांजराच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. अंग थरथरू लागतं, झटके येतात. जुलाबावर दिलेलं मेट्रोनिडॅझोल जास्त मात्रेत किंवा फार दिवस चालू राहिलं, तरी तोल जाऊ शकतो. औषध बंद केल्यावर तो बहुधा सावरतो. कान दुखतो म्हणून घरात पडलेले थेंब घालणंही धोक्याचं. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आत उतरून उरलासुरला तोलही बिघडवतात.

किनारपट्टीच्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मांजर म्हणजे मासळी हे समीकरण कोकण-गोव्यात पक्कं आहे. पण काही जातींच्या कच्च्या मासळीत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर असतं. रोज फक्त कच्ची मासळी खाणाऱ्या मांजरात या जीवनसत्त्वाची कमतरता होते. आधी भूक जाते, मग पाय लटपटतात, बाहुल्या विस्फारतात, मान खाली वळते आणि उपचार झाले नाहीत तर जीव जातो. वेळेत लक्षात आलं तर थायमिनच्या इंजेक्शनाने सुधारणा झपाट्याने होते. मासळी शिजवली की हे विकर निकामी होतं.

याशिवाय मधल्या कानाचा संसर्ग, तरुण मांजरांच्या कानात किंवा घशामागे वाढणारे मस्से, टॉक्सोप्लाझ्मा, मांजरांमधला एफआयपी हा विषाणूजन्य आजार, म्हाताऱ्या मांजराचा वाढलेला रक्तदाब आणि मेंदूतली गाठ, अशी मोठी यादी असते. आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनियाचा विषाणू लागला, तर पिल्लांचा लहान मेंदू अपुरा वाढतो. अशी पिल्लं चालायला लागल्यापासूनच झोकांड्या खातात. त्यांचा दोष बरा होत नाही, पण वाढतही नाही. त्यांना वेदना नसतात. थोडी काळजी घेतली तर ती पूर्ण आयुष्य मजेत जगतात.

मांजरांच्या तोलाकडे दुर्लक्ष केल्याची मोठी किंमत माणसांनीही मोजली आहे. जपानमधल्या मिनामाता या मच्छीमारांच्या गावात १९५०च्या दशकात मांजरं झोकांड्या खाऊ लागली, गरगर फिरू लागली, समुद्रात पडून मरू लागली. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. १९५६मध्ये माणसांतल्या त्याच आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथल्या चिस्सो कारखान्याच्या रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजरांच्या अन्नात मिसळून पाहिलं. १९५९मध्ये त्यांच्या ४०० क्रमांकाच्या मांजरात तीच लक्षणं दिसली. कंपनीने तो निष्कर्ष दडवला. खाडीत सोडलेला पारा मासळीतून मांजरांत आणि माणसांत गेला होता, हे जपान सरकारने अधिकृतपणे मान्य करायला १९६८ उजाडलं.

कारण सापडत नाही तेव्हा

रक्ततपासणी होते, कान आतून पाहिला जातो, रक्तदाब मोजला जातो आणि सगळं ठीक निघतं. पुढची पायरी एमआरआय. प्राण्यांसाठी ही सोय सगळीकडे नाही, खर्च मोठा आणि त्यासाठी भूल द्यावी लागते. अशा वेळी पशुवैद्य ‘इडिओपॅथिक’ हा शब्द वापरतात. त्याचा साधा अर्थ, कारण अज्ञात. घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. प्रत्यक्षात ही बरीच आशादायक बातमी असते. अचानक सुरू झालेला, फक्त आतल्या कानाशी संबंधित आणि दुसरं काही न सापडलेला हा आजार पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत तीव्र असतो. साधारण तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांचे झटके कमी होतात, मांजर धडपडत का होईना उभं राहतं. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक मांजरं पूर्ववत होतात. काहींची मान किंचित कललेली राहते, ती कायमची.

कान बरा होतो म्हणूनच हे घडतं असं नाही. एका बाजूचा संदेश बिघडला आहे हे मेंदू हळूहळू ओळखतो आणि डोळे, पायांचे तळवे, सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरांवर जास्त विसंबू लागतो. म्हणून सांभाळण्याचं सूत्रही दुहेरी असतं. सुरुवातीला विश्रांती द्यायची आणि मग सुरक्षित जागेत चालू द्यायचं. काळजीपोटी मांजराला सतत कडेवर घेतलं, तर मेंदूला शिकायची संधीच मिळत नाही.

घरात काय करावं?

पहिले काही दिवस मांजराला एकाच लहान खोलीत ठेवावं. खिडक्या, गॅलरी, जिना बंद. पलंग-खुर्चीवर चढवू नये. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरावं. सरकणारं पायपुसणं मात्र नको. ज्या बाजूला ते पडतं त्या बाजूला गोधडीची गुंडाळी लावून आधार द्यावा. रात्री मंद दिवा असू द्यावा, कारण कान दगा देतो तेव्हा डोळेच तोल सांभाळतात. अंधारात अशी मांजरं जास्त पडतात.

मातीच्या ट्रेची एक कड कापून बुटकी करावी, म्हणजे आत जाताना अडखळायला होत नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली धरावा आणि सावकाश, अंग आडवंतिडवं न फिरवता उचलावं. हात लावण्याआधी हाक मारावी.

अन्न थोडं कोमट करून, थोडं थोडं, जड वाटीत द्यावं. डोकं हलत असेल तर हनुवटीखाली बोटांचा आधार द्यावा. आडव्या पडलेल्या मांजराच्या तोंडात सिरिंजने दूध-पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. मळमळीवर मांजरांसाठीची औषधं असतात, ती पशुवैद्यांकडूनच घ्यावीत. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराने सलग एक-दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर ते थांबून पाहण्यासारखं नसतं. उपासाने मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ दुखण्यापेक्षा तेच जिवावर बेततं.

आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे मोबाइलवर रोज अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करावं. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेलं मांजर दबून बसतं, चाल दाखवत नाही. घरातलं चित्रीकरण पशुवैद्यांना बरंच काही सांगून जातं. शिवाय कालच्यापेक्षा आज बरं की वाईट, याचा पुरावा हाताशी राहतो. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो फरक कळत नाही. तीन दिवसांत काहीच सुधारणा नाही, दोष दुसऱ्या बाजूलाही दिसू लागला किंवा मांजर गुंगीत राहू लागलं, तर पुन्हा तपासणी हवीच.

निर्णय कधी?

काही मांजरं बरी होत नाहीत, हेही खरं. दयामरणाचा विचार तेव्हा गैर नाही. मात्र तो पहिल्या दुपारी, घाबरलेल्या मनाने करू नये. ते वेदनेत आहे का? खातं का? शांत झोपतं का? हाक मारल्यावर कान टवकारतं का? उन्हाच्या पट्ट्याकडे सरकायचा प्रयत्न करतं का? या प्रश्नांची उत्तरं आठवडाभर लिहून काढली, तर निर्णय पशुवैद्यांशी बोलून नीट घेता येतो. फक्त चाल वाकडी आहे म्हणून जगणं संपत नाही.

आणि बऱ्याच घरांत ती वेळ येतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीला अंग घासत मांजर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतं. मान अजून कललेली असते. फ्रिजकडे एकदा पाहतं, उडी मारायचा विचार सोडून देतं आणि ओट्याखाली बसून रिकाम्या वाटीकडे बघत ओरडू लागतं.