बाग सर्वांची, मग फाटक अरुंद का?

एका रविवारी असरनंतर आम्ही घरातली सगळी मुले घेऊन पुनावळे परिसरातल्या एका बागेत गेलो. सोबत बहिणीचा 9 वर्षांचा मुलगाही होता. त्याच्या पायांत बळ नाही, तो चाकाच्या खुर्चीवर असतो. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकात लोखंडी पाइप नागमोडी बसवले होते. दुचाकी थांबल्या, पण त्याची खुर्चीही थांबली. आम्ही दोघांनी ती उचलून आत नेली. घसरगुंडीजवळच्या खडीत चाके रुतली. “खाला, तुम्ही यांना खेळवा, मी इथेच बसतो,” एवढेच तो म्हणाला.

पुनावळे 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांना अंगण नाही. त्यांचे अंगण म्हणजे ही बागच. तिथेही एखादे मूल फाटकाबाहेर राहत असेल, तर त्याने खेळायचे कुठे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, असे तो सांगतो आणि त्यात करमणुकीच्या जागाही येतात. मात्र याबाबतचे बरेच निकष केवळ शिफारशीच राहिले होते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान निकष सक्तीचेच हवेत. म्हणजे आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आता सुरक्षिततेकडे पाहू. खेळाच्या मैदानावर सर्वाधिक दुखापती पडल्यामुळे होतात. म्हणून झोपाळ्याच्या रंगापेक्षा त्याखालची जमीन महत्त्वाची. सिमेंट, फरशी किंवा टणक माती मुलाला सांभाळत नाही. जाड वाळूचा थर किंवा रबरी फरशी सांभाळते. वाळूत चाके रुततात, त्यामुळे जिथे वाळू असेल तिथे खेळण्यापर्यंत पक्की वाट हवी. रबरी फरशीवर दोन्ही कामे होतात.

कठड्याच्या गजांमधली फटही पाहावी. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेनुसार साधारण 9 ते 23 सेंटिमीटरची फट धोक्याची असते. त्यातून मुलाचे अंग निसटते, पण डोके अडकते. उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी भाजते, आधी आपला हात लावून पाहावा.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. ओढणी, स्कार्फची मोकळी टोके, गळ्यातल्या तावीजचा दोरा घसरगुंडीच्या कठड्यात अडकला, तर गळ्याला फास बसू शकतो. खेळायला जाताना दोरा काढून ठेवावा, स्कार्फची टोके आत खोचावीत.

बंगळुरूमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांनी ‘किलिकिली’ ही संस्था उभी केली. तिथल्या महापालिकेला सोबत घेऊन त्यांनी कोल्स पार्कमध्ये सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशी जागा करून घेतली. सुरुवात पालकांनीच केली होती.

आम्हीही पुढच्या रविवारी मोजपट्टी घेऊन त्याच बागेत गेलो. फाटकातली वाट 55 सेंटिमीटर भरली. चाकाची खुर्ची सहज जायला निदान 90 हवी. भाच्याने आकडे स्वतः वहीत उतरवले. झोपाळ्याखालची जमीन, तुटलेली पायरी, उघडा पडलेला खिळा यांचे फोटो घेतले. सोमवारी हे सगळे जोडून संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली.

पालकहो, तुमच्या भागातल्या बागेतही एकदा मोजपट्टी घेऊन जा. अर्जावर शेजारच्या घरांच्याही सह्या घ्या, मग ते घर कोणत्याही समाजाचे असो. महापालिकेच्या ‘सारथी’ हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

आमच्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. भाचा मात्र दर शुक्रवारी विचारतो, “खाला, फाटक रुंद झाले का?” त्याला “हो” म्हणता येईपर्यंत आम्ही त्या कार्यालयात जात राहणार आहोत.