एक्सप्लेनर : पोझिशन एक, काम दुसरेच! बास्केटबॉलचा सिम्युलेशन गेम खेळाडूला कसा जोखतो?

अमरावती/अकोला : २७ मे २०२५ रोजी आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध बंगळुरूसमोर २२८ धावांचे लक्ष्य होते. अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावून सामना जिंकून दिला. संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘यष्टिरक्षक-फलंदाज’ असते. संघाला तो हवा असतो तो ‘फिनिशर’ म्हणून; पण तसा रकाना यादीत नसतो. अकोल्याचा अथर्व तायडे हाही फलंदाजच, मात्र त्याचे काम सलामीचे. दोघांची अदलाबदल करून चालत नाही. बास्केटबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये संघ बांधतानाही हाच पेच पडतो.

पोझिशन किती आणि कोणत्या?

बास्केटबॉलमध्ये पाच पोझिशन मानल्या जातात. पॉइंट गार्ड खेळ रचतो, शूटिंग गार्ड लांबून नेम साधतो, स्मॉल फॉरवर्ड दोन्हीकडे मदत करतो, तर पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर बास्केटजवळ झुंजतात. पण ही झाली ढोबळ वाटणी.

गेम नेमके काय मोजतो?

ब्राउझरवर मोफत खेळता येणाऱ्या ‘बास्केटबॉल जीएम’चे उदाहरण घेऊ. यात आपण संघाचे व्यवस्थापक असतो. उंची, ताकद, वेग, ड्रिबलिंग, पासिंग, रिबाउंड, थ्री-पॉइंटर अशा १५ बाबींवर खेळाडूला ० ते १०० गुण मिळतात. त्यातून ‘ओव्हरऑल’ आकडा निघतो आणि त्यात उंचीचा वाटा मोठा असतो. गंमत म्हणजे, नावापुढच्या पोझिशनला सामन्याच्या गणितात फारसे महत्त्व नसते. ते लेबल बहुतांशी माहितीपुरते असते.

मग फरक कशाने पडतो?

कौशल्यांच्या जुळणीने. नेमबाज, चेंडू हाताळणारा, पास देणारा, रिबाउंड घेणारा, बचाव करणारा अशा खुणा गेम खेळाडूंना देतो. एकमेकांना पूरक खुणांचे खेळाडू एकाच वेळी कोर्टवर असले, की संघाची कामगिरी थोडी उंचावते. म्हणून ओव्हरऑल सारखाच असलेल्या दोघांपैकी कोण घ्यायचा, हे आपल्या संघात काय कमी आहे त्यावर ठरते. अर्थात, संघाच्या ताकदीत सर्वोत्तम खेळाडूचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे जुळणीच्या नादात हुकमी खेळाडू सोडून देणे महागात पडते. तरुण खेळाडू निवडताना ‘पोटेन्शियल’चा आकडा आणि वयही पाहावे लागते.

प्रत्यक्ष खेळात असे घडते का?

एनबीएमधील निकोला योकिच हे ठळक उदाहरण. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड ४१ व्या क्रमांकावर झाली. पोझिशन सेंटर, पण डेन्व्हरचा खेळ त्याच्या पासवर फिरतो. २०२४-२५ च्या हंगामात त्याने सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट नोंदवले. पूर्ण हंगामात ‘ट्रिपल-डबल’ची सरासरी राखणारा तो पहिलाच सेंटर. नुसते लेबल पाहून त्याची किंमत कळली नसती.

आपल्याकडच्या मुलांनी यातून काय घ्यावे?

शाळेच्या मैदानावर उंच मुलाला थेट बास्केटखाली उभे करण्याचा मोह होतो. तिथे तो रिबाउंड घेतो, चेंडू दुसऱ्याला देतो आणि ड्रिबलिंग शिकायचे राहून जाते. तेराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असलेला मुलगा अठराव्या वर्षी चारचौघांसारखा होऊ शकतो. बाकीची मुले उंचीत त्याला गाठतात, तेव्हा हाताशी दुसरे कौशल्य नसेल तर संघातली जागाही जाते.

गेममध्ये चुकलेली निवड पुढच्या हंगामात सुधारता येते. मैदानावर ती सोय नाही. त्यामुळे निदान शालेय वयात तरी प्रत्येकाच्या हाती चेंडू द्यावा, प्रत्येकाला नेम आणि पास शिकवावा. पोझिशन नंतर ठरवता येते.