नळी जमली, पण बूड जमेना!

जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटाच्या खाली, तानेगाशिमा नावाचे एक लांबट, चिंचोळे बेट आहे. १५४३ साली (काही पोर्तुगीज नोंदींनुसार १५४२) या बेटाच्या किनाऱ्याला एक मोठे चिनी गलबत लागले. त्यावर काही पोर्तुगीज व्यापारी होते. बोली कोणालाच समजेना, तेव्हा गलबतावरच्या एका सुशिक्षित चिनी माणसाने आणि गावच्या प्रमुखाने काठीने वाळूत चिनी अक्षरे लिहून एकमेकांशी संवाद साधला. पोर्तुगिजांजवळ लोखंडी नळीची एक विलक्षण वस्तू होती. एक डोळा मिटून नेम धरायचा, बत्ती द्यायची, की वीज चमकावी तसा उजेड आणि गडगडाट होई आणि दूरच्या लक्ष्याला भोक पडे.

बेटाचा सरदार तोकिताका तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याने अशा दोन बंदुका विकत घेतल्या आणि त्यांतील एक आपल्या लोहाराकडे, याइता किन्बेई याच्याकडे देऊन हुबेहूब दुसरी घडवण्यास सांगितले. ही हकिकत ‘तेप्पोकी’ म्हणजे ‘बंदुकीची बखर’ या १६०६ सालच्या लेखात आली आहे. घटनेनंतर साठ वर्षांनी आणि तोकिताकाच्याच घराण्यासाठी ती लिहिली गेली, हे लक्षात ठेवून ती वाचावी लागते. पण तिच्यात नोंदवलेली एक अडचण मात्र शुद्ध पदार्थविज्ञानाची आहे. लोहाराने काही महिने खपून बाहेरून अगदी तशीच दिसणारी बंदूक केली. परंतु नळीचे मागचे तोंड, म्हणजे बूड, कसे बंद करावे हे त्याला कळेना. एवढ्या कुशल माणसाला नळीला बूच बसवता येऊ नये, हे कसे?

तोड्याची बंदूक कशी चालते?

ही तोड्याची बंदूक होती. नळीच्या पुढच्या तोंडातून आधी दारू आणि मग शिशाची गोळी घालून ती गजाने ठासायची. नळीच्या मागच्या भागात, कडेला एक बारीक छिद्र असते; त्याला कान म्हणतात. कानाजवळच्या लहान वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवायची. चाप दाबला की धुमसता तोडा धरलेला घोडा रंजकीवर आपटतो आणि कानातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते. चाप दाबताच स्प्रिंगच्या जोराने घोडा झटकन खाली येण्याची जी रचना जपानी बंदुकांत दिसते, ती गोवा आणि मलाक्का येथील पोर्तुगीज अमलाखालच्या कारागिरांच्या बंदुकांशी जुळते, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर जपानच्या पहिल्या बंदुकीचे माहेर आपल्या किनाऱ्याच्या आसपासचे ठरते.

नळी घडवणे किन्बेईला फारसे अवघड गेले नसावे. तानेगाशिमाच्या किनाऱ्यावर लोहयुक्त वाळू मिळते आणि तेथे लोहारकामाची जुनी परंपरा होती. जपानी पद्धतीत लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळतात, तिचे काठ ठोकून एकजीव करतात आणि मजबुतीसाठी वरून दुसरी पट्टी नागमोडी न फिरवता मळसूत्रासारखी तिरपी गुंडाळतात. तलवारीसाठी लोखंडाचे थर ठोकून एकजीव करण्यात जपानी लोहार निष्णात होतेच.

बुडावर किती जोर येतो?

आता थोडे गणित करू. १९८८-८९ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील जुन्या शस्त्रागारातल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातील बंदुका प्रत्यक्ष झाडून गोळ्यांचे वेग मोजण्यात आले. ते सेकंदाला सरासरी ४५० मीटरच्या आसपास भरले. आपण सावधपणे ४०० मीटर धरू. गोळी २२ ग्रॅमची, नळीची लांबी १ मीटर आणि आतला व्यास १६ मिलिमीटर समजू.

गोळीची गतिज ऊर्जा = ½ × ०.०२२ × ४०० × ४०० = १,७६० ज्यूल.

ही ऊर्जा गोळीला १ मीटर अंतरात मिळते. म्हणून तिच्यावरील सरासरी बल १,७६० न्यूटन, म्हणजे सुमारे १८० किलोग्रॅम वजनाइतके. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर आहे. तेव्हा सरासरी दाब वातावरणाच्या सुमारे ९० पट झाला. ही फक्त सरासरी. दारू पेटल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत दाब याच्या कित्येक पट असतो. वायूचा दाब सर्व दिशांना सारखा पडतो. म्हणजे जो जोर गोळीला पुढे ढकलतो, तोच बुडाला मागे ढकलतो. आणि बुडामागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो!

नुसते ठोकून बसवलेले गुळगुळीत बूच केवळ घर्षणाने टिकते. असा जोर बसताच ते निसटणार. तापवून नळीशी एकजीव करावे, तर नळीच्या आतल्या बाजूला हातोडा पोचत नाही. जोड कच्चा राहिला तरी बाहेरून दिसत नाही. शिवाय दुसरी एक अडचण आहे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने उरतो. तो नळीत आणि कानात साठतो. बूड काढता आले, तर नळी आरपार साफ करता येते. म्हणजे बूच हवे तेव्हा निघाले पाहिजे, पण दाबाने कधीच निघता कामा नये!

मळसूत्राची करामत

या परस्परविरोधी अटी मळसूत्र पुऱ्या करते. मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. १६ मिलिमीटर व्यासाच्या बुचाचा परीघ सुमारे ५० मिलिमीटर असतो. एका फेऱ्यात बूच २.५ मिलिमीटर सरकते असे मानले, तर उताराचे प्रमाण २० ला १ झाले. लोखंडावर लोखंड घसरण्यासाठी यापेक्षा पुष्कळ अधिक चढ लागतो. त्यामुळे आतून कितीही जोर आला तरी बूच आपोआप फिरत नाही. हाताने फिरवले तर मात्र निघते. शिवाय जोर एका जागी न पडता सर्व आट्यांवर वाटला जातो.

जपानमध्ये त्या वेळी मळसूत्र वापरात नव्हते. बंदूक बंद असताना ते बाहेरून दिसतही नव्हते. आणि दिसले तरी खिळ्यावर बाहेरून आटे कानशीने पाडता येतात, नळीच्या आत कसे पाडणार? ‘तेप्पोकी’नुसार पुढच्या वर्षी परत आलेल्या गलबतावर एक परदेशी लोहार होता, त्याच्याकडून किन्बेई हे शिकला. (त्यासाठी त्याने आपली मुलगी परदेशी माणसाला दिली, अशी लोककथाही सांगतात; पण ती या बखरीत नाही.) आटे पाडलेला खिळा तापलेल्या नळीत घालून बाहेरून ठोकायचे, म्हणजे आत आट्यांचा ठसा उमटतो, ही त्याची एक शक्य रीत. त्यानंतर वर्षभरात अशा कित्येक बंदुका तयार झाल्या. पुढे साकाई आणि कुनितोमो ही बंदुका घडवणारी मोठी केंद्रे बनली.

वर्गात काय करता येईल?

बंदूक वा दारू यांच्याशी कोणताही प्रयोग करू नये; तो जीवघेणा तर आहेच, शिवाय शस्त्र कायद्यानुसार गुन्हाही आहे. त्याची गरजही नाही. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची कड मळसूत्र होऊन दिसेल. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला एकदा नुसते बूच आणि एकदा आट्यांचे झाकण लावून ती दाबायला सांगा (बुचाचे तोंड कोणाकडेही नसावे). बूच उडते, झाकण हलत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा. याच तानेगाशिमा बेटावर १९६९ साली जपानचे अवकाश केंद्र स्थापन झाले आणि तेथून अग्निबाण उडतात. बंदुकीचे बूड बंद असावे यासाठी किन्बेई वर्षभर झटला. अग्निबाणाचे बूड मात्र मुद्दाम उघडे ठेवतात. असे का? बंदुकीत आपल्याला हवी असते ती गोळीची गती. अग्निबाणात हवी असते ती नळीचीच, इतकी सूचना पुरे. उरलेले उत्तर त्यांना न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून शोधू द्यावे. तयार उत्तर लिहून दिले, तर त्यांच्या हाती येईल ती किन्बेईची पहिली बंदूक: बाहेरून हुबेहूब, पण बूड नसलेली.