आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा कालावधी

दोन दूरस्थ विमानतळांतील अंतराला विमानाच्या ताशी वेगाने भागले की प्रवासाचा कालावधी निघतो, ही समजूत सुशिक्षितांतही दृढमूल आहे. आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलालेकींकडे प्रथमच निघालेले आपल्याकडील वडीलधारे याच त्रैराशिकाच्या भरवशावर पोहोचण्याची वेळ ठरवू पाहतात. ते त्रैराशिक कोठे फसते, हे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गावरून उत्तम कळते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा हाच लघुतम मार्ग, हा पहिला भ्रम. पृथ्वी गोल असल्यामुळे लघुतम अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजावे लागते; हा कंस येथे सुमारे १२,४०० किलोमीटरांचा असून तिबेट व सायबेरियावरून ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडे चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. परंतु हे अंतर भूमितीचे झाले, प्रत्यक्ष वाहतुकीचे नव्हे. विमानातील हवेचा दाब अकस्मात गेला, तर वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटचे पठारच मुळी त्याहून उंच आहे. म्हणून तो मुलूख शक्यतो टाळला जातो. त्यात राज्यकर्त्यांच्या हद्दी आल्या: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली, तेव्हा पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज असा, की वाट जितकी लांब तितका वेळ अधिक. या मार्गावर एअर इंडियाचे विमान प्रथम अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, आणि तरीही साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, ते मुक्कामी पोहोचले. याचे कारण वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांवर, सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वायुप्रवाह असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. अनुकूल वाऱ्यात हा वेग विमानाच्या वेगात मिळतो, प्रतिकूल वाऱ्यात वजा होतो. १,४०० किलोमीटरांचा भुर्दंड सोसूनही वेळ वाचावा, हा निसर्गनियमाचा मला फार सुंदर वाटणारा दाखला आहे.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली गंतव्य स्थान आपणहून सरकत येते, हा समज या दाखल्यानेच निकालात निघतो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते; विमान त्या वातावरणातच उडते, आणि त्याला साह्य वा विरोध होतो तो केवळ वाऱ्याचा.

उरला घड्याळाचा घोटाळा. हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे चार वाजता निघालेला प्रवासी पंधरा तास उडून त्याच तारखेच्या पहाटे साडेपाचला सॅन फ्रान्सिस्कोत उतरतो, आणि वेळापत्रक पाहणाऱ्यास प्रवास दीड तासाचा वाटतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. उन्हाळ्यात ते एक तास पुढे करण्यात येत असल्याने तेव्हा फरक साडेबारा तासांचा. वेळापत्रकातील कालावधीही केवळ उड्डाणाचा नसतो: विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीकडे रांगेत सरकण्याचाही, वेळ त्यात धरलेला असतो.