अंतरावरून आकार

"दिवसभर कॉम्प्युटरवर ठिपके जोडत बसते, लग्नाचं कधी बघणार?" पीएच.डी. करणाऱ्या भाचीबद्दल ही माझ्या बहिणीची तक्रार. तिला समजवायचं म्हणून मीच आधी भाचीसमोर बसले. मी पडले बी.ए.!

"मावशी, तुझ्या बचत गटांची गावं घे. नकाशा नाही, फक्त कोणत्या गावाहून कोणतं किती लांब, एवढंच ठाऊक. त्यावरून नकाशा काढायचा."

मैत्रिणींनो, प्रथिनातल्या अणूंचं असंच. एनएमआर यंत्र फक्त जवळजवळच्या हायड्रोजन अणूंची अंतरं सांगतं, तीही 'एवढ्याच्या आत' अशी मोघम. मग सॉफ्टवेअर हिशेब घालतं. पहिल्यापासून दुसरा फार तर 5, दुसऱ्यापासून तिसरा फार तर 7, तर पहिल्यापासून तिसरा 12 च्या पलीकडे नाहीच. अशी दोरी आवळत ते आकार उभे करतं. एक नव्हे, अनेक. हॅवेल आणि वुट्रिख यांनी 1984 मध्ये असा 'डिसजिओ' प्रोग्रॅम मांडला. वुट्रिखना 2002 चं नोबेल मिळालं. छोट्या रेणूंसाठी आज 'आरडीकिट' हे सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं.

गंमत म्हणजे, आरशातल्या आकाराचीही अंतरं तीच! डावं-उजवं वेगळं सांगावं लागतं.

"म्हणजे डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात?" बहिणीने विचारलं.

"हो. औषधाचा रेणूही मग नीट बसत नाही."

ती गप्प झाली. रविवारी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळी तिनेच फोन केला, "प्रबंध होऊ दे, मग या."