चतुर वाचवायचा तर तलावाचा काठ वाचवा

पावसाळा ओसरू लागला की अंगणात चतुर घिरट्या घालू लागतात. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल आणि त्यापायी दादी-नानीची बोलणीही खाल्ली असतील. मुक्या जिवाला छळू नये, एवढेच त्यांचे सांगणे असे.

आज चतुरावर दोऱ्याहून मोठे संकट आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ साली चतुर आणि त्याची भावंडे असलेल्या टाचण्या यांच्या जगभरातील ६,०१६ जातींचा आढावा जाहीर केला. त्यातील सुमारे १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. मुख्य कारण एकच, पाणथळ जागा संपत चालल्या आहेत.

चतुर हवेत दिसतो, पण त्याचे बालपण पाण्यात जाते. मादी पाण्यात किंवा पाणवनस्पतींवर अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. वाढ पूर्ण झाली की पिल्लू एखाद्या देठावर चढते, कात टाकते आणि पंख पसरून उडते. म्हणजे त्याला उथळ पाणी हवे आणि काठावर हिरवळही हवी.

चंद्रपूर-गडचिरोलीत अशा जागांची कमी नव्हती. सिंदेवाही, नागभीड, आरमोरी भागातल्या धानाच्या बांध्यांना पाणी देणारे मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, गोंड राजवटीच्या काळापासून बांधले गेले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाची देखरेख सैल पडली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, अतिक्रमणे झाली.

आता गाळ काढण्याची कामे होतात, हे चांगलेच आहे. पण तलाव खोल झाला म्हणजे जिवंत झाला, असे नव्हे. यंत्राने काठ सरळ उभा कापला की उथळ पाणी आणि त्यातली हिरवळ दोन्ही जातात.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात वेगळी वाट धरली गेली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजाच्या मच्छीमारांनी मिळून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. हे काम मासे आणि पाखरांसाठी होते. पण देठादेठाने वाढणाऱ्या या हिरवळीचा आसरा चतुरालाही लागतो.

अमेरिकेत ‘हाइन्स एमराल्ड’ या चतुराला १९९५ साली संकटग्रस्त जाहीर केले गेले. त्याचे पिल्लू चार-पाच वर्षे पाण्यात काढते. मधल्या काळात दलदल एकदा जरी उद्ध्वस्त झाली, तरी अनेक वर्षांची पिढी एकदम जाते. म्हणून तिथे किडा पकडून जपण्याआधी दलदल सांभाळावी लागते.

आपल्या गावात तलावाचे काम निघाले, तर ग्रामसभेत एवढे जरूर सांगावे: एका बाजूचा काठ उतरता ठेवा, तिथली पाणवनस्पती राहू द्या. निर्माल्य, प्लास्टिक, कुर्बानीनंतरचा कचरा, काहीच पाण्यात जाऊ देऊ नका. पूर्वजांनी आपल्या हाती दिलेली ही अमानत आहे. चतुर उडताना दिसले, तर ती आपण सांभाळतो आहोत असे समजावे.